१४ फुटी होडी, मरीन प्लाय आणि इपॉक्सी: पॉलिएस्टर चालेल का, रेझिन किती, दमट हवेचं काय?

खाडीकाठ

दाभोळ खाडीत वापरायला १४ फुटी होडी बांधायची आहे. दोन-तीन माणसं, वल्ही, कधीतरी मागे २ एचपीचं छोटं इंजिन. सपाट तळ, दोन बाजू, मागे उभी फळी म्हणजे ट्रान्सम, आणि मध्ये तीन आडवे पडदे. प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे, आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीची (रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या गोंदाची) गोलाई भरायची आणि तिच्यावर काचेची, म्हणजे काचधाग्यांच्या कापडाची, पट्टी बसवायची, म्हणजे 'स्टिच अँड ग्लू' पद्धत. सुतारकाम येतं, रेझिनचं काम नवीन आहे.

अडलंय ते असं. दुकानदार 'बीडब्ल्यूपी' (उकळत्या पाण्यात टिकणारा) शिक्क्याचा ६ मिमी प्लाय मरीन म्हणून देतोय. तो आणि आयएस ७१० (मरीन प्लायचा भारतीय मानक) यांत खरंच फरक असतो का? दुसरं, इथले फायबरचे कारागीर म्हणतात की इपॉक्सी कशाला, पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट (तुटक काचधाग्यांची चटई) मारा, खूप स्वस्तात होईल. तिसरं, होडी १४ फूट आणि प्लाय ८ फूट, तर सांधा कसा घ्यायचा? चौथं, सगळं मिळून रेझिन किती? माझा अंदाज ८ किलो. काम मे अखेरीस सुरू करून पावसाळाभर शेडमध्ये पुरं करायचा बेत आहे.

रंधा-पटाशी

प्लाय आणि रेझिन या दोन प्रश्नांचं सांगतो.

आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या प्लायचा मानक आहे आणि आयएस ७१० मरीनचा. ७१० च्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. नुसतं 'बीडब्ल्यूपी' छापलंय आणि मानकाचा क्रमांक कुठेच नाही, तर त्या शिक्क्यावर विसंबू नका. क्रमांक असला तरी घेण्याआधी ताव उभा करून चारी कडा बघा. कडेला मधल्या थरात काळी फट दिसली, की तशाच पोकळ्या आतही असतात. होडीला दोन ठिकाणी त्या महागात पडतात: प्लाय वाकवताना नेमका तिथेच मोडतो, आणि कुठून तरी शिरलेलं पाणी त्या पोकळीतून फूटभर लांब जाऊन साचतं. ६ मिमीत तीन थरांचा आणि पाच थरांचा असे दोन्ही प्रकार मिळतात, पाच थरांचा घ्या. तीन थरांच्या प्लायमध्ये वरचे थर बऱ्याचदा कागदाइतके पातळ असतात, पॉलिश पेपर दोनदा जास्त फिरला की खालचा आडवा थर उघडा पडतो.

घरची परीक्षा सोपी आहे. १० सेंमीचा चौकोनी तुकडा आठ तास उकळा, कडक उन्हात वाळवा, असं तीनदा करा. मग कडेला पटाशी घालून थर उचलायचा प्रयत्न करा. लाकडाचे तंतू फाटले तर गोंद चांगला. थर सुटून गुळगुळीत पृष्ठ दिसलं तर तो प्लाय कपाटालाच बरा.

आता पॉलिएस्टर. कारागीर चुकीचं सांगताहेत असं नाही, त्यांचं काम वेगळं आहे. साच्यात घातलेल्या फायबरच्या नौकेत सगळा जोर काच आणि रेझिनच्या जाड थरावर असतो, लाकडाला चिकटण्यावर काहीच अवलंबून नसतं. तुमच्या होडीत प्लायच्या दोन तुकड्यांना धरणारं दुसरं काहीच नाही, तो सांधा म्हणजेच होडी. पॉलिएस्टर घट्ट होताना आकसतं, त्यामुळे लाकडाशी असलेल्या जोडावर पहिल्या दिवसापासून ताण राहतो. लाकूड थोडं फुगलं-आटलं की पट्टीची कड सुटते, कडेतून पाणी शिरतं आणि पुढे पट्टी हाताने सोलून निघते. १९६३ साली इंग्लंडमध्ये घरी बांधायची 'मिरर' नावाची प्लायची छोटी शिडाची होडी आली, तिचे सांधे तारेने शिवून काचेच्या पट्टीने आणि पॉलिएस्टरनेच भरत. तशा हजारो बांधल्या गेल्या आणि चालल्याही. पण आज त्याच पद्धतीची नवी होडी बांधणारे इपॉक्सी वापरतात, ते या जोडामुळेच.

पैसे वाचवायला आतून इपॉक्सी आणि बाहेरून पॉलिएस्टर असा मेळ घालू नका. घट्ट झालेल्या पॉलिएस्टरवर घासून इपॉक्सी चिकटतं. उलट क्रमात, म्हणजे इपॉक्सीवर पॉलिएस्टर मारलं, तर ते नीट धरत नाही, आणि इपॉक्सीच्या पृष्ठावर हार्डनरमधलं अमाईन उरलेलं असेल तर खालच्या बाजूने चिकटच राहतं.

मॅटबद्दलही. तुटक धाग्यांची मॅट एकत्र धरणारा जो बांधक असतो तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट मऊ पडत नाही, कोपऱ्यात उभी राहते आणि रेझिन भरमसाट पिते. इपॉक्सीला विणलेलं कापडच घ्या. तुमच्या होडीला बाहेरून दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमचं पुरे.

नाळ ते सुकाणू

लांबीच्या सांध्याचं.

तिरका सांधा घ्या, १ ला ८ या उताराने. ६ मिमीला ४८ येतात, ५० मिमी धरा. २४४० चे दोन ताव जोडून ५० वजा केले की ४८३० मिमी, म्हणजे १५ फूट १० इंच. बाजूच्या फळीला बाक असल्याने ती १४ फुटांपेक्षा लांब लागते, तरी एवढ्यात बसते.

तळ-बाजूंचे चारही ताव एकदम तासता येतात. टेबलाच्या कडेवर एकावर एक ठेवा, प्रत्येक ताव खालच्यापेक्षा ५० मिमी मागे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. शिकंजाने आवळून सगळ्या पायऱ्यांवरून रंधा एकाच उतारात चालवा. रंधा कसा चाललाय ते प्लायच सांगतो: उतारावर थरांच्या गोंदाच्या रेषा उमटतात. त्या एकमेकींना समांतर आणि सरळ असतील तर उतार बरोबर. रेषा कुठे पोटासारखी फुगलेली दिसली तर तिथे खळगा किंवा उंचवटा आहे. शेवटची धार ब्लेडइतकी पातळ येते, ती तुटू नये म्हणून खाली टाकाऊ प्लायचा तुकडा ठेवा.

चिकटवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे घट्ट मिश्रण थेट उघड्या उतारावर लावणं. उतारावर लाकडाचे तंतू आडवे कापले गेलेले असतात, ते रेझिन शोषून घेतात आणि सांध्यात नुसती भुकटी उरते. आधी नुसतं रेझिन दोन्ही उतारांना लावा, दहा-पंधरा मिनिटांनी जिथे कोरडं दिसेल तिथे पुन्हा लावा, मग सिलिकाची बारीक पूड घालून दाट केलेलं मिश्रण. खाली-वर प्लास्टिक, वर सरळ फळी आणि विटा. फार आवळायचं नाही, इपॉक्सीला पातळ का होईना थर उरावा लागतो. आणि दोन बारीक खिळे ठोकून ताव जागचा हलणार नाही असं बघा, कारण ओलं रेझिन वंगणासारखं असतं आणि रात्रीतून सांधा ५ मिमी सरकतो.

तळाचा आणि बाजूंचा सांधा एका रेषेत आणू नका, किमान फूटभर पुढेमागे ठेवा. नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळच्या, जास्त वाकणाऱ्या भागातही नको.

शिवण. कडेपासून ८ मिमीवर २ मिमीची भोकं, दर १२०-१५० मिमीला. नाळेकडे वाक वाढतो तिथे दर ६०-७५ ला. तांब्याची १८ गेजची तार, बाहेरून पिळायची. दोन्ही तुकड्यांच्या आतल्या कडा फक्त एकमेकींना टेकल्या पाहिजेत आणि बाहेरून व्ही आकाराची खाच दिसली पाहिजे, ती नंतर भरायची. एक कड दुसरीवर चढली असेल तर तार सैल करून परत बसवा. पक्कडीने जोर लावून ओढाल तर २ मिमीचं भोक कडेपर्यंत फाटतं.

रेझिनचा थेंबही लावण्याआधी पीळ तपासा. होडीच्या काठावर पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा आणि मागून एका डोळ्याने बघा, तिन्ही समांतर दिसल्या पाहिजेत. मग नाळेच्या टोकापासून ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी लावून मोजा. १४ फुटांत ५ मिमीपर्यंतचा फरक सोडा, त्याहून जास्त असेल तर खालच्या ठोकळ्यांत पाचर मारून सरळ करा. पिळलेली होडी एकदा घट्ट झाली की पुन्हा कधी सरळ होत नाही, वल्ही मारताना ती कायम एका अंगाला ओढते.

पीळ निघाला की दोन तारांच्या मधल्या जागेत दाट मिश्रणाचे बोटभर ठिपके द्या, पूर्ण रेघ ओढू नका. दुसऱ्या दिवशी तारा कापून काढा. अडकलेल्या तारेला सोल्डरिंगची इस्त्री अर्धा मिनिट टेकवा, आतलं इपॉक्सी मऊ होतं आणि तार सुटते. आत तार ठेवून वर गोलाई भरणारे आहेत, पण तारेच्या भोकातून पुढे पाणी जायला वाट राहते, म्हणून काढलेलीच बरी. (दोरीने शिवलेल्या जुन्या जहाजांशी याची गल्लत होते. २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलेल्या 'कौंडिण्य'च्या फळ्या काथ्याने शिवलेल्या आहेत आणि तिथे तो काथ्याच फळ्यांना धरून ठेवतो. इथे तार फक्त एक-दोन दिवसांची सोबत आहे.)

गोलाईची त्रिज्या २० मिमी. प्लास्टिकच्या जाड पट्टीचं टोक त्या त्रिज्येत कापून कानशीने गुळगुळीत करा, तेच हत्यार. मिश्रण: आधी रेझिन आणि हार्डनर मोजून पूर्ण ढवळायचं, मग लाकडाचं पीठ घालायचं, रेझिनच्या साधारण दुप्पट आकारमानाचं, आणि शेवटी थोडी सिलिका. दाटपणा चक्क्याइतका हवा: कालथ्यावर घेऊन उलटा धरला तरी पडू नये. श्रीखंडाइतकं सैल असेल तर उभ्या कोपऱ्यात रात्रभर खाली ओघळतं. पीठ मैद्याच्या चाळणीतून चाळलेलं. करवतीचा भुसा नको, हत्याराखाली तो ओरखडे पाडतो. सागाचं पीठही टाळा, ते तेलकट असतं. आणि काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे, ज्यांनी लांबी (भरायची पुटी) हलकी होते, ते या गोलाईत अजिबात घालायचे नाहीत. ते घासायला सोपे म्हणून मोह होतो, पण त्यात ताकद नाही.

गोलाई ओली असतानाच तिच्यावर काचेची ७५ मिमीची पट्टी आणि तिच्यावर १०० मिमीची. ब्रशने मधून कडेकडे हवा काढत जा. काच पारदर्शक झाली की भिजली, पांढुरके डाग म्हणजे अजून कोरडी. ओल्यावर ओलं झाल्याने मधे घासावं लागत नाही आणि सगळा सांधा एकजीव होतो.

खाडीकाठ

खूप आभार दोघांचे. तुकड्यावर एक प्रयोग केला. रेझिन १००, हार्डनर १० असं डब्यावर आहे, मापाच्या कपाने मोजून घेतलं. दुसऱ्या दिवशी कडक झालंय, पण वर तुपकट थर आहे, बोटाला मेणासारखा लागतो. आणि भांड्यात उरलेलं रेझिन इतकं तापलं की प्लास्टिकचा कप वाकला. कुठे चुकलं? दर वेळी मिळणारं हवामान असंच दमट असेल तर काय करायचं?

किलोवर रेझिन

तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

माप. डब्यावरचं १००:१० वजनाचं आहे का आकारमानाचं, ते आधी बघा. रेझिनची घनता साधारण १.१५ आणि हार्डनरची १ च्या आसपास असते. वजनी १००:१० चं आकारमानात जवळपास १००:११.७ होतं. तुम्ही कपाने १० घातलं असेल तर हार्डनर सातवा हिस्सा कमी पडला. एवढ्याने रेझिन कडक होईल, पण पूर्ण ताकद येणार नाही आणि उन्हात मऊ पडेल. १ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि प्रत्येक खेपेला वजन करा. पॉलिएस्टरची सवय असलेले मदतनीस घाई असली की हार्डनर वाढवतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. पॉलिएस्टरमध्ये ते उत्प्रेरक असतं, टक्का वर-खाली करता येतो. इपॉक्सीत हार्डनर हा निम्मा भागीदार आहे, त्याचा जादा कण जोडीदाराशिवाय तसाच राहतो. थिनर घालून 'लाकडात मुरवणं' हेही नको. थिनर उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं.

तापलेला कप. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडतं, खोल भांड्यात ती बाहेर जात नाही, तापमान वाढतं, मग आणखी वेगाने घट्ट होतं. ३२ अंशांच्या दुपारी २०० ग्रॅम मिश्रण पंधरा मिनिटांत धूर सोडू शकतं. एका वेळी १००-१५० ग्रॅम करा आणि ढवळून होताच पसरट ताटलीत ओता. मिश्रण दोन मिनिटं ढवळा, भांड्याच्या तळाचं आणि कडेचं खरवडत.

तुपकट थर. हे अमाईनचं काम. हार्डनरमधलं अमाईन हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी मिळून पृष्ठावर क्षार करतं. दमट, गार रात्री जास्त. वर तसाच दुसरा हात मारला तर तो या थरावर बसतो आणि नंतर पापुद्र्यासारखा निघतो. रंग तर हमखास सोलतो. हा थर पाण्यात विरघळतो, म्हणून साधं पाणी आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर घेऊन धुवा, स्वच्छ फडक्याने पुसा, आणि मगच ८० नंबरच्या पेपरने घासा. आधी घासलंत तर तो मेणकट पदार्थ ओरखड्यांत दाबला जातो. थिनरने पुसून तो जात नाही.

धुण्याचं काम कमी करायचं असेल तर दोन मार्ग. पहिला हात चिकट असतानाच, म्हणजे बोट टेकवलं तर ठसा उठतो पण रेझिन बोटाला येत नाही अशा वेळी, दुसरा हात द्यायचा. सकाळी पहिला, मग दर दोन-तीन तासांनी पुढचे, हार्डनरप्रमाणे वेळ बदलेल. दुसरा मार्ग पील प्लाय: नायलॉनचं लेप नसलेलं घट्ट विणीचं कापड ओल्या रेझिनवर पसरून ठेवायचं, घट्ट झाल्यावर सोलून काढायचं. तो थर कापडाबरोबर बराचसा जातो आणि पृष्ठ खरखरीत मिळतं. बाजारातलं साधं कापड वापरणार असाल तर आधी तुकड्यावर सोलून बघा, काही कापडं कायमची चिकटतात.

उघड्या लाकडावरच्या पहिल्या हाताची वेळ मात्र वेगळी आहे. तो संध्याकाळी चारनंतर द्या. सकाळपासून दुपारकडे लाकूड तापतं तशी त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या रेझिनमध्ये शेकडो बारीक बुडबुडे दिसतात. तापमान उतरत असताना उलट होतं, लाकूड रेझिन आत ओढतं.

आता पावसाळा. कोकणात जुलैत आर्द्रता दिवसरात्र ८५ टक्क्यांच्या वर असते. तुपकट थर धुता येईल, पण प्लाय स्वतःच ओलावा ओढून बसलेला असेल आणि तुम्ही तो ओलावा आत ठेवून वर झाकण लावाल. लाकडात १२ टक्क्यांच्या आत ओलावा असावा. मोजायला प्लायचा २० सेंमी चौरस तुकडा काट्यावर वजन करा, ओव्हनमध्ये १०० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. समजा १७८ ग्रॅमचे १६० झाले, तर १८ भागिले १६०, म्हणजे साधारण ११ टक्के, चालेल. १९० चे १६० झाले तर थांबा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही इपॉक्सीची खरी वेळ. पावसाळ्यात आराखडा, सांध्यांचा सराव, वल्ही तासणं ही कामं करा. प्लाय शेडमध्ये आडवा, जमिनीपासून उंच आणि झाकून ठेवा.

८ किलोंत होडी अर्धीच होईल. हिशेब मांडतो. बाहेरचं क्षेत्रफळ ८ चौरस मीटर, आतलं पडदे-बाकांसह १२. बाहेर पहिला हात १.२ किलो. ३०० ग्रॅमचं कापड ८ चौरस मीटरला २.४ किलो, त्याला हाताने भिजवताना वजनास वजन रेझिन आणि थोडं जास्त, २.८. कापडाची वीण भरायला तीन हात, १२० ग्रॅम दर चौरस मीटरने, २.९. आत तीन हात ४.३. गोलाई: २० मिमी त्रिज्येच्या काटकोनी गोलाईला दर मीटर साधारण ८६ घन सेंमी मिश्रण लागतं. मुख्य सांधे १२ मीटर आणि पडद्यांच्या दोन्ही बाजू मिळून १२ मीटर, त्यात रेझिन १.६. पट्ट्या १. तिरके सांधे, काठाच्या पट्ट्या वगैरे ०.७. बेरीज १४.५ किलो. ब्रशमध्ये, ताटलीत, कपात राहणारं १५ टक्के धरलं की पावणेसतरा. १७ किलो घ्या. प्लाय ६ मिमीचे ६ ताव, त्यातले ४ तळ-बाजूंना, उरलेले २ ताव पडदे, बाकं आणि ट्रान्समला.

हातमोजे नायट्रिलचे, कायम. हाताला लागलेलं रेझिन थिनरने पुसू नका, ते कातडीत आणखी शिरतं. साबण आणि पाणी. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की पुढे नुसत्या वासानेही त्रास होतो आणि ती जात नाही. अर्धवट घट्ट झालेल्या इपॉक्सीची धूळ सगळ्यात वाईट, घासताना मास्क चांगल्या प्रतीचा वापरा.

तांडेलाचा नातू

याच धाग्यात विचारतो. आमची २२ फुटी जुनी लाकडी होडी आहे, फळ्यांची, फटींत कापूस ठोकलेली. दरवर्षीची डागडुजी नको म्हणून बाहेरून इपॉक्सी आणि फायबर मारलं तर?

रंधा-पटाशी

नको, आणि कारण तुमच्या होडीच्या बांधणीतच आहे. फळ्यांची होडी पाण्यात फुगून स्वतःच्या फटी बंद करते, उन्हात आटते, लाटेत फळी फळीवर किंचित सरकते. तिला हलायला मुभा आहे म्हणून ती टिकली. बाहेरून पातळ काच-इपॉक्सीचं कातडं घातलं की ते प्रत्येक फटीवर ताणलं जातं आणि पहिल्या एक-दोन हंगामांत नेमक्या फटींच्या रेषेत तडकतं. त्यात वर्षानुवर्षं माशाचं तेल मुरलेलं लाकूड, त्यावर काही धरतच नाही.

दुसरा धोका पावसाचा. खारं पाणी लाकूड तसं सांभाळतं, कुजवतं ते गोडं पाणी. आत साचलेलं पावसाचं पाणी पूर्वी फटीतून पाझरून जायचं, आता ते लाकूड आणि फायबरच्या मध्ये अडकतं. बाहेरून होडी चकचकीत दिसते आणि आत पठाण, म्हणजे तळाचा कणा, बोटाने दाबला तरी खचतो.

फायबर मारायचंच असेल तर ते स्वतःच्या बळावर नौका म्हणून उभं राहील इतकं जाड हवं, मग लाकूड नुसता साचा ठरतं. त्या पैशात नवी होडी होते. तुमच्या होडीला कापूस, लांबी आणि रंग हेच योग्य आहे.

लाकूड आणि इपॉक्सीची मोठी नौका करायची असेल तर ती पहिल्या दिवसापासून तशीच बांधावी लागते. गोव्यात दिवाडी बेटावरच्या यार्डात रत्नाकर दांडेकरांनी नौदलासाठी बांधलेली 'म्हादेई' ५६ फुटी आहे. तिच्या भिंतीत मधे लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि दोन्ही अंगांना काच-इपॉक्सी. लाकूड सगळ्या बाजूंनी बंद, फळ्यांना सरकायला जागाच नाही, भिंत एकसंध. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वी फिरून आले.

भरती-ओहोटी

खाडीकाठ, इंजिन आणि शेवटच्या हाताचं थोडं राहिलंय.

ट्रान्समला ६ मिमी चालणार नाही. ६ चे तीन थर चिकटवून १८ करा आणि तळाशी व बाजूंशी मोठी गोलाई, ३० मिमी त्रिज्येची. इंजिनचा झटका त्या कोपऱ्यात येतो.

लाकडात स्क्रू थेट घालू नका. ५ मिमीचा स्क्रू असेल तर आधी १० मिमीचं भोक पाडा, आतल्या भिंतीला नुसतं रेझिन, मग दाट मिश्रण भरा, घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध ३.५ मिमीचं भोक पाडून स्क्रू बसवा. आता स्क्रू इपॉक्सीत आहे, लाकडाला पाणी लागत नाही. वल्ह्याची कडी, दोर बांधायची कडी, इंजिनचे बोल्ट, सगळीकडे हेच. प्लायच्या होड्या कुजायला बहुतेक वेळा इथूनच लागतात: एक विसरलेलं भोक, किंवा काठाच्या पट्टीखाली उघडी राहिलेली प्लायची कड. प्लायची प्रत्येक कापलेली कड नळीच्या तोंडासारखी समजा, तिला तीन हात द्या, पहिला पिऊन टाकेल.

पुढच्या-मागच्या बाकांखाली बंद कप्पे करा. इंजिन, माणसं आणि सामान मिळून होडी पाण्याने भरली तरी तरंगायला १५० लिटरच्या आसपास बंद जागा हवी. त्यांना फिरकीचं झाकण बसवा आणि किनाऱ्यावर झाकण उघडं ठेवा. आत फेसाचं द्रव ओतून भरू नका, तो फेस पुढे पाणी धरतो आणि काढता येत नाही. थर्माकोलचे ठोकळे सुटे ठेवता येतील. इपॉक्सी थर्माकोलला विरघळवत नाही, पॉलिएस्टर मात्र लगेच खातं.

इपॉक्सी उन्हात टिकत नाही, पिवळं पडून काही महिन्यांत भुकटी सुटते. धुऊन, १२० ने घासून, इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. फिकट रंगच घ्या. गडद निळी होडी एप्रिलच्या उन्हात हात लावू देत नाही, आणि तेवढ्या तापमानाला हवेत घट्ट झालेलं इपॉक्सी मऊ पडायला लागतं, कापडाची वीण रंगातून वर दिसते.

खाडीकाठ

काम नोव्हेंबरवर ढकललं. तोवर सांध्याचा नमुना करतो. तो बरोबर झाला हे कसं ओळखायचं?

नाळ ते सुकाणू

३०० मिमी लांबीचे दोन तुकडे काटकोनात, होडीत करणार तशीच गोलाई आणि दोन पट्ट्या. सात दिवस सावलीत ठेवा. मग एक तुकडा शिकंजात धरून दुसरा आतल्या बाजूला हातोडीने ठोकत मोडेपर्यंत न्या. प्लाय फाटला आणि पट्टीला लाकडाचे तंतू चिकटून आले, तर सांधा झाला. पट्टी स्वच्छ सुटून खाली चकचकीत रेझिन दिसलं, तर तुपकट थर राहिला होता. गोलाई लाकडापासून कोरडी निघाली, तर आधी नुसतं रेझिन लावलं नव्हतंत. गोलाई मधूनच भुकटीसारखी तुटली, तर पीठ जास्त झालं किंवा काटा वापरला नाहीत. दुसरा नमुना करून रात्रभर पाण्यात ठेवून तोही मोडा. दोन्ही वेळा प्लायच फाटत असेल, तर त्याच मापांनी होडी शिवायला घ्या.